पुढच्या पट्टीवरून

रिमोटच्या पोटात सेल फुटले,
हिरवं मीठ साचलं,
उरलेलं काम निवतीच्या खाऱ्या वाऱ्यानं पुरं केलं.
टाकून द्या तो, मी मस्कतहून म्हटलं,
रिसीव्हरच्या अंगावरच सगळी बटणं आहेत.
मला ती दिसत नव्हती,
बाबांना ती वाचता येत नव्हती.
तिकडे पहाटेचे पाच, माझ्याकडे साडेतीन,
आणि मध्ये एवढं पाणी ठेवून
आम्ही दोघं एक काळी पट्टी चाचपू लागलो.

सगळ्यात डावीकडे काय आहे?
"बारको गोल बटान."
दाबा.
"दाबलंय. दिवो लुकलुकता."
कसा लुकलुकतो?

बाबा गप्प झाले. मला कळलं, मोजतायत.
तीस वर्षं रात्रीचा प्रत्येक दिवा
त्यांनी असाच ओळखला,
किती उजेड, किती काळोख.
"एक उजेड, दोन काळोख. परत एक. परत दोन."
मी माहितीपुस्तिका उघडली, पान एकसष्ट.
मागे कुठेतरी तारेला तार लागलीय, मी सांगितलं.
"मगे खडक आसा, असा सांग ना."
आणि हात मागे घालून
जाळ्यातला कुर्ला सोडवावा तशी त्यांनी ती सोडवली,
डेंग्यांचा अंदाज घेत, अजिबात घाई न करता.

दिवा स्थिर झाला. काचेवर अक्षरं आली.
कुठली अक्षरं?
"माका इंग्रजी येता काय मेल्या?"
दिसतात कशी, तेवढं सांगा.
"पयला शीड. दुसरा होडयेचो तळ.
तिसरी वल्यांची फुली."
ऑक्स, मी म्हटलं.
शाळेत अकरा वर्षं गेलो,
ही अक्षरं मला अशी कुणी दाखवली नव्हती.

आता मोठं चाक. हळू फिरवा.
"ह्या खंयच थांबणा नाय."
त्याला टोक नसतं, बाबा. आकडा बघा.
"आडवी रेघ आणि चाळीस.
वजा चाळीस? आवाज वजा कसो आसतलो रे?"
मी समजावू लागलो, शून्य म्हणजे पूर्ण,
त्याच्यापासून आपण किती खाली आहोत ते...
"म्हणजे शून्याक उधाण.
आणि आपण सुकती मोजूची."
पुस्तिकेत याला अर्धं पान लागलं होतं.

पण ऑक्सला लावलंय काय तुम्ही?
मी हे धूड सिनेमासाठी पाठवलं होतं.
पाच स्पीकर, एक खर्जाची पेटी,
कस्टमच्या माणसाशी घातलेली हुज्जत.
"वायच थांब," बाबा म्हणाले.

खरखर.
मग पाची कोपऱ्यांतून लवू सारंग बोलला:
बांगडो नाय हो. म्हाकूल थोडो. पाणी गढूळ.

दोन वर्षांपूर्वी 'वेतोबा प्रसाद' विकली,
इंजिन, जाळी, बर्फाच्या पेट्यांसकट.
वायरलेस तेवढा काढून घेतला होता,
त्याचे पैसे कापून देऊन.
कुणी विचारलं नाही कशाला. मीही नाही.

लवूच्या मागे त्याचं इंजिन होतं,
खर्जाच्या पेटीनं ते नीट उचललं,
फळीवरचे पेले किणकिणू लागले.
आई आतून ओरडली, "कमी करा ओ!"
आणि मी ऐकलं, बाबा आकडे पुटपुटतायत,
वजा तीस. वजा सव्वीस. वजा बावीस.
भरती चढत होती.

फोन चालूच राहिला, ते विसरले.
मीही ठेवला नाही.
एसीच्या गुरगुरीखाली उशाशी मोबाईल धरून
वेंगुर्ल्याच्या बाजूचं पाणी कसं आहे ते ऐकत पडलो.

उजवीकडच्या तीन बटणांचं
सांगायचं राहूनच गेलं.