पेज-सतरा

सर्जेकोटच्या जेटीमागे आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा.
गच्चीवर गुणवंती कोयंड्यांचे बांगडे वाळतात,
खाली मी वाळवते
त्यांच्याच मडक्यातले जंतू.

शिळ्या पेजेतून वेगळे केलेले. बाटलीवर नाव: पेज-सतरा.
आधीचे सोळा टिकले नाहीत, त्यांचीही नोंद आहे.

"आमी सुकयतो ता किडो पडा नये म्हणान,"
जिन्यावरून त्या म्हणाल्या होत्या,
"आनि तू किडेच सुकयतंस?"
मी नुसती हसले. उत्तर त्या दिवशी नव्हतं.

आता थोडं आहे, गुणवंतीबाय.
आधी गोठवायचं, उणे ऐंशीला.
मग यंत्रानं हवा ओढून घ्यायची,
म्हणजे बर्फ वितळायचं विसरतो
आणि थेट वाफ होऊन निघून जातो.
पण पाणी असं सहज उठत नाही,
जाताना घराची भिंत घेऊन जाऊ पाहतं.
म्हणून आधीच साखर घालायची, थोडी दुधाची पूड.
पाणी उठलं की त्याच्या पाटावर साखर बसते,
भिंतीला हात लावून धरते
पाणी परत येईपर्यंत.
तुमच्या मिठाचं काम उलटं,
मीठ त्या पाटावर कुणालाच बसू देत नाही.

शंभरातले एकसष्ट उरले.

मग श्रावण. काडेपेटी नरम, पापड नरम,
दाराच्या कडीलासुद्धा घाम.
पुडीला एकदा ही हवा लागली
की निजलेले अर्धवट जागे होतात.
उठायला पुरेसं पाणी नाही,
पुन्हा निजायला पुरेसा कोरडेपणा नाही,
त्या मधल्या जागेपणात मरतात.
त्यातच वीज तीन दिवस गेली, फ्रीजर पाझरला,
ओले नमुने सगळे गेले.
उरली ती एका डब्यातली पूड.
तुम्ही भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घेऊन आलात,
सुकटीच्या डब्यात ठेवता तशी.
"ह्या घाल आत. तांदूळ ओल पितत."

सहा महिन्यांनी बावीस.
पुरचुंडी नसती तर किती, ते सांगता येत नाही.
तुलनेसाठी एक डबा तसाच ठेवायला हवा होता.
धीर झाला नाही.

राहिलं पोट.
आमचं पोट काचेचं: सदतीस अंश,
कोकमाच्या आगळासारखं आंबट, दोन तास हलवत ठेवायचं.
त्यानंतर पित्त.
उघडे सोडले तर कोणीही पलीकडे पोचत नाही.
म्हणून ओहोटीला खडकावरचं तपकिरी शेवाळ खरवडून आणलं,
उकळून त्याचा चीक काढला, जंतू त्यात कालवले
आणि पिचकारीनं थेंब थेंब सोडले क्षाराच्या पाण्यात.
थेंब पडता पडता गोल होऊन घट्ट झाले.
तुम्ही खिडकीतून वाकून बघत होतात.
"गगो, गाबोळी!"

सात.
शंभरातले सात पित्ताच्या पलीकडे जिवंत.
मी मान खाली घालून आकडा सांगितला.
तुम्ही म्हणालात, "समुद्रात तितकीव जगनत नाय."

दिवाळीआधी तुम्ही नऊ दिवस कुडाळच्या दवाखान्यात होतात.
ताप गेला, औषधांनी पोटातलंही सगळं नेलं,
आणि इकडे सुनेनं मायेनं
मडकं साबणानं घासून उन्हात पालथं घातलं.
मग पेज आंबेना. नुसती नासायची.
चौथ्या दिवशी जिना चढून आलात,
धापा टाकत दारातच उभ्या.
"माझी माका परत दी."

चिमूटभर दिली. वजन केलं नाही,
वहीत लिहिलं नाही.
दुसऱ्या सकाळी तुमच्या ओट्यावर मी,
तुम्ही झाकण काढून
बराच वेळ वास घेत राहिलात.
"ह्या आमचा," म्हणालात.
मग एक घोट घेऊन, कपाळाला आठी:
"जरा जास्तच आंबाट झाला.
साखर घातलंस मां तू?"