एक आणि नऊ

मार्केट यार्डात, कोपऱ्यातल्या गाळ्यात
मी हळदीचे सौदे कॉम्प्युटरवर चढवते.
मालकांच्या मुलानं नाजूक फॉन्ट बसवलेला,
अक्षरं केसाएवढी. दिसायला देखणी.
परवा त्यातले पंधरा हजार एकशे
मीच पंधरा हजार नऊशे वाचले,
आणि धुमाळांची पट्टी निघाली घुमाळांच्या नावानं.
असले कुणी घुमाळ आमच्या खात्यातच नाहीत.

मगदूम दिवाणजी हसले.
म्हणाले, आम्ही रुमालाखाली बोटं दाबायचो,
दिसत काहीच नव्हतं,
पण एक म्हणजे एक, नऊ म्हणजे नऊ.

आज सौदे उठल्यावर
एकेक फॉन्ट लावून बघितला.
नमुन्याचं वाक्य नाही घातलं.
गावं घातली : घोगाव, धनगाव, भिलवडी, म्हैसाळ,
खाली सगळे आकडे.
खुर्ची मागं सरकवली, चष्मा काढला.

एकच टिकला. जाडसर, बुटका.
ध च्या माथ्यावरची फट उघडी,
नऊची शेपटी मोकळी.
मालकांचा मुलगा म्हणेल, गावठी दिसतोय.

दिवाणजींनी वाकून पडद्यावर बोट टेकवलं.
पिवळा ठसा उमटला
नेमका एकावर.

पुसला नाही मी.