पाळण्यापासून दारापर्यंत

अंबडच्या कारखान्यात माझ्या दारावर पाटी आहे : शाश्वतता विभाग.
विभागात आम्ही दोघं. त्यातला एक प्रिंटर.

काम असं, की एक किलो टोमॅटो सॉस घ्यायचा
आणि त्याला उलट्या पावली घरी न्यायचं.
बाटलीतून कढईत, कढईतून गाडीत,
गाडीतून कॅरेटमध्ये, कॅरेटमधून देठाला,
देठापासून रोपवाटिकेतल्या चिमूटभर कोकोपीटपर्यंत.
वाटेत जिथं काही जळलं, सांडलं, वाहून गेलं
तिथं एक आकडा ठेवायचा.
जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात याला.
आई विचारते तेव्हा मी सांगते, हिशेब लिहिते.

हद्द आखलेली असते : पाळण्यापासून दारापर्यंत.
दार म्हणजे आमचं गेट नंबर दोन.
पाळणा म्हणजे मोहाडीत ठकूबाई पिंगळांचा पाऊण एकर.

बांधावर बसून मी प्रश्नावली वाचली.
मोटर किती तास चालते?
"लाईट असंल तितकी. या आठवड्यात रातची हाये."
कॅरेट किती वर्षं टिकतं?
"फुटंस्तोवर."
सुतळी किती लागते?
तिनं दोन्ही हात पसरले,
"एवढी एका झाडाला. आता झाडं मोज."

फुटेस्तोवरला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
मी चार वर्षं लिहिलं.
सुतळी मोजली, झाडंही मोजली,
पण ती गळाली. एक टक्क्याच्या खालचं वगळायचं, नियम आहे.
वगळलेल्यांची एक यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवते,
कुणी मागत नाही :
सुतळी. बांबूवरची तार. तोडणीच्या बायकांचा चहा.
निघताना तिनं माझ्या ओढणीत बांधलेले दोनेक किलो.

आम्हा सगळ्यांचा संशय गाडीवर होता,
तिचा धूर दिसतो म्हणून.
आकडे बसले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते
आणि सगळ्यांत उंच लाल पट्टी
उभी राहिली कढईवर.

टोमॅटो म्हणजे पाणीच की.
वाघाडच्या कालव्याचं, विहिरीत मुरलेलं,
रात्री दोन वाजता उठून ठकूबाईच्या शरदनं झाडाला पाजलेलं.
ते आम्ही काट्यावर तोलून विकत घेतो,
गाडीत बसवून अंबडला आणतो,
आणि बॉयलर पेटवून, तासन्‌तास आटवून
आभाळात सोडून देतो.
अकरा वर्षं मी ती पांढरी वाफ रोज बघत होते.
कुणाचं काय घेते, असं वाटायचं.

मग बैठका झाल्या. पहिल्या दोन चहाच्या.
तिसरीत नेर्लेकर साहेबांनी कोळशाचं बिल पाहिलं
आणि पृथ्वी एकदम जवळ आली.
आता एका कढईची वाफ दुसरीच्या बुडाशी जाते,
थंड होऊन तिचं पाणी होतं, त्यात दुसऱ्या दिवशीचा माल धुतात.
लाल पट्टी तिसऱ्या हिश्शानं उतरली.
खोटं कशाला बोलू, मला त्या रात्री गाढ झोप लागली.

बाटलीवर हिरवं पान छापून आलं.
टोमॅटोचं नाही ते.
टोमॅटोच्या पानाला कातर असते,
आणि हात लावला तर बोटं दिवसभर हिरवट-काळी राहतात.

पुढच्या हंगामात ठकूबाईला सगळं सांगितलं.
ती वेल बांधत होती, थांबली नाही.
"म्हंजी माझ्याच टमाट्यातलं पानी
माझ्याच टमाट्यांना धुतं?"
हो.
"आन धुतल्यावर?"
मग शुद्ध करतात. मग
गेट नंबर दोनच्या बाहेर.
"तिकडं कोन ऱ्हातं?"

मी वही उघडली. शेवटच्या पानाशी आले.
तिनं दातानं सुतळी तोडली
आणि पुढच्या झाडाकडे सरकली.