पाचवा कोर

तुर्कू. बाहेर उणे एकोणीस.
औलिक्कीने खिडकी बोटभर उघडी ठेवलीय,
पंख्यांना तेवढाच हातभार.

गोदीत तीस वर्षं जहाजांचे सांधे तपासले तिने.
आता हा डबा: लिनक्स, काळा पडदा,
आणि कंपनीने सांगितल्यापेक्षा
जरा जास्तच पळवलेला प्रोसेसर.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.
शीत न् शीत चेपून बघायचं,
रात्रभर.

सहा तास अठ्ठ्याऐंशी अंश. कुरकुर नाही.
कॉफी निवली.
चार वाजून दहा मिनिटांनी
पाचव्या कोरने एक बेरीज चुकवली
आणि पुढची बरोबर सांगून
तसाच चालू राहिला.

कोसळला असता
तर ती इतकी रागावली नसती.

वेग शंभर मेगाहर्ट्झने खाली.
पुन्हा शून्य तास, शून्य मिनिटं.
खिडकी तशीच.