खूण

संत्र्याच्या काट्यानं
व्हॅनिलाच्या फुलाचं लग्न लावायला
मीच शिकवलं तुला, झाफिसोआ.
मुहूर्त सकाळी दहाच्या आत.
फूल दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

शेंग हिरवी असतानाच तिला टोचायची खूण,
बुचात खोवलेल्या टाचण्यांनी:
तीन ठिपके, खाली एक.
चोरानं सुकवून विकली तरी
शेंग आपल्या घराचं नाव सांगते.

मग कंपनी आली,
कुठल्याशा थंड देशात आइस्क्रीम करणारी.
मला सावलीच्या झाडांची रोपं दिली, छत्री दिली.
भावाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाली.
तुला दिले सांबावात सहा महिने,
काळा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे,
वेल्डिंगचा दाखला.

मी विचारलं, आता फुलांचं कोण बघणार?
तू म्हणालीस, दहापर्यंत मीच की.
तसं काही झालं नाही.
सांबावा लांब आहे.
या हंगामात निम्मी फुलं तशीच गळाली,
आणि छत्रीची एक काडी मोडली.

काल ट्रकवरून खिडकीची जाळी आली.
तुझ्या हातची पहिली, जरा तिरकीच.
बसवताना कोपऱ्यात बोट अडलं:
वितळून गार झालेल्या लोखंडाचे
तीन ठिपके,
खाली एक.