सात हात दोरी

रायबंदरच्या धक्क्यासमोर, फिलूच्या बाल्कांवात
आम्ही दोघी नकाशा पसरतो.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, तिचा चष्मा, माझी कात्री,
आणि फेरीच्या भोंग्याने दचकून
पुन्हा झोपलेलं मांजर.

केगदीचं जुवें.
बांध फुटला त्या वर्षी माणसं उठून इकडे आली.
मागे उरली खारफुटी, मगरी, एक कपेल
आणि दुमिंगच्या तोंडातली विहीर.
बांधाबांधाने फेरा अठरा किलोमीटर.
"अठराच? दीड दिवसाचं काम,"
फिलूचा भाचा फोनमधून मान वर न काढता म्हणतो.
त्याला चिखल माहीत नाही.
चिखलात तासाला अर्धा किलोमीटर मिळाला
तर सायबिणीला मेणबत्ती.
म्हणून चार दिवस, तीन रात्री,
आणि चौथ्या रात्रीचे पोहे वेगळ्या पुरचुंडीत,
ज्यांच्याबद्दल घरी बोलायचं नाही.

भांडण झालं ते तिथीवरून.
तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ,
हे मी माहेरी मिठागरावर शिकले,
पाढ्यांच्याही आधी.
फिलूला हवी अष्टमी:
भांगाचं पाणी गरीब, बांधावर चढत नाही,
तंबू कोरडा.
पण गरीब पाणी उतरतही नाही, बाई.
फुटक्या जागी दिवसभर कमरेला लागणार,
आणि कमरेखाली कोण पडून वाट बघतंय
ते नकाशात दाखवत नाहीत.
मला हवी अमावस्या.
सव्वा अकराला नदी बांध ओलांडून आत येईल, येऊ दे,
आपण कपेलाच्या पायरीवर बसू.
साडेपाचला तळ उघडा पडेल,
दिवस मावळायच्या आत पलीकडे.
"तळ किती वेळ उघडा राहतो?"
दुमिंगला विचारलं.
पोर असताना तो बापाबरोबर मानशीच्या फळ्या उचलायचा,
आता पोदेराच्या सायकलीची वाट बघत बसतो.
"तें थंयच विचारचें," म्हणाला,
आणि दोन उंडे घेतले, उधारीवर.

अमावस्या ठरली. फिलू दोन दिवस बोलली नाही.

सांतानच्या दुकानात, कांद्याच्या काट्यावर
पिशव्या चढवल्या.
माझी अकरा किलो, तिची साडेनऊ,
पाणी अजून धरलेलं नाही.
ती तंबूचे चार खिळे काढते, जपमाळ काढत नाही.
मी दुसरा टॉवेल काढते, परत ठेवते,
सुईदोऱ्याला हातही लावत नाही.
चाळीस वर्षं शिलाई मशीनवर गेली,
फाटलेलं बघून तसंच पुढे जाणं
मला जमायचं नाही.

पाण्याचा हिशोब कुठेच बसेना.
माणशी रोज तीन लिटर, चार दिवस, दोघी:
चोवीस किलो नुसतं पाणी.
दुमिंग म्हणतो, कपेलामागची विहीर गोड,
सात हात दोरी पुरे.
तो तिथलं पाणी शेवटचं प्यायला
तेव्हा सोळाचा होता.
सोळाव्या वर्षी कुठली विहीर खारी लागते?
वर पन्नास वर्षं झाली, खाजनात समुद्र नांदतोय.

तेव्हा ठरलं: विहीर नाहीच असं धरून चालायचं.
होडीवाला बारा लिटर आधीच नेऊन
कपेलात ठेवील, पेट्रोलचे पैसे वेगळे.
उरलेलं पाठीवर.
यादीत मी "विहीर" खोडलं,
फिलूने त्याच्यावर बोट ओढून बघितलं
शाई वाळली का ते.

काल रात्री शेवटचं वजन.
तिची पिशवी चारशे ग्रॅम जास्त.
सगळं उपसलं. तळाशी, मोज्यात,
सुंभाची दोरी.
मी हाताने मोजली. आठ हात.
"आठ का?"
"दुमिंगचे हात लांब आहेत,
कधी बघितलेस?"
मी नव्हते बघितले.
फेरीचा शेवटचा भोंगा झाला.
मी दोरी गुंडाळून परत मोज्यात घातली
आणि दुसरा टॉवेल काढला.