दाबाखाली

जालन्याच्या मुनीर फिटरनं लेथवर घडवलेलं नळकांडं.
आत आठशे फुटी बोअरचा चमचाभर गाळ.
परभणीच्या लॅबमध्ये मी दांडा दाबत गेले,
काटा दोन हजारावर जाऊन थरथरला.

आत काय चाललं असेल?
पेशीचं पातळ कातडं थिजत असेल
थंडीतल्या तुपासारखं.
प्रथिनांच्या घड्या मोडत असतील,
आणि कुणीतरी त्या अंधारात
पुन्हा घालत बसलं असेल.

रात्रभर तसंच.
सकाळी दाब सोडला. फुस्स.

तिसऱ्या दिवशी
अख्ख्या बशीत एकच ठिपका,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, पिवळट.
त्याच्याभोवती केवढी मोकळी जागा.

फोन आला मुनीरभाईंचा,
"बाई, टिकलं का?"
"एक टिकलाय," मी म्हणाले.

ते नळकांड्याबद्दल विचारत होते.